दोन इंचांची टाच

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शोभनाच्या पायांना आयुष्यात पहिल्यांदा अधिकृत ईमेल आली.

ईमेल तशी सगळ्या ऑफिसला होती. पण चार पानांच्या त्या फाइलमध्ये पुरुषांसाठी एकच ओळ होती, ‘कपडे नीटनेटके असावेत’, आणि उरलेली सगळी पानं बायकांसाठी होती. त्यातही रिसेप्शनवर बसणाऱ्या बायकांसाठी. आता आयर्लंडमधल्या ॲथलोन गावच्या त्या कारखान्यात रिसेप्शनवर बसणारी बाई एकच, ती म्हणजे शोभना. शेजारच्या खुर्चीत किअरन बसायचा, आणि तो एका ओळीत आटोपला होता. म्हणजे जवळजवळ चार पानं एकट्या शोभनावर लिहिली गेली होती. लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनीही तिची एवढी बारकाईने चौकशी केली नव्हती.

फाइलचा लेखक फर्गल, तीन महिन्यांपूर्वी डब्लिनहून आलेला नवा मॅनेजर. कारखान्यात इंजेक्शनच्या सुया ठेवायचे प्लास्टिकचे ट्रे बनायचे, आणि एका डच कंपनीने तो नुकताच विकत घेतला होता. तीन आठवड्यांनी नवे मालक पाहणीला येणार. त्यांची पहिली नजर रिसेप्शनवर पडणार. म्हणून रिसेप्शनवरच्या बाईने किमान दोन इंच टाचेचे बूट घालावेत, हलका मेकअप करावा (हलक्यात लिपस्टिक धरलेली आहे), केस मोकळे पण आवरलेले असावेत आणि चेहऱ्यावर सदैव स्वागताचा भाव असावा. मोकळे पण आवरलेले म्हणजे नेमके कसे, यावर शोभनाने जेवणाच्या सुट्टीत बराच विचार केला. नऊ वर्षं ती एकच वेणी घालून येत होती. ती आवरलेली होती यात वाद नव्हता, पण तिला मोकळी म्हणणं धाडसाचं झालं असतं.

आता इथे खरं ते सांगायला हवं. शोभनाला राग आला नाही. तो संध्याकाळी तिच्या मुलीला आला. शोभना चक्क हरखली. सत्तेचाळीस वर्षं तिने सपाट चपला, सपाट सँडल आणि सपाट बूट घातले होते. उंच टाचा या तिच्या लेखी विमानातल्या हवाई सुंदऱ्यांच्या आणि लग्नात नवरीच्या मावसबहिणींच्या मालकीच्या होत्या. आता ऑफिसच म्हणतंय तर कुणाला उत्तर द्यायला नको, स्वतःलाही नाही. संध्याकाळी ती पंधरा वर्षांच्या रेवाला घेऊन गावातल्या मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये पोचलीसुद्धा.

रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं मात्र ती तिथल्या मुलांच्या हेलात इंग्रजीत देते. बुटांच्या दुकानात ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि हा सगळा प्रकार वेडगळ आहे असं तिने तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. शोभना म्हणाली, अगं, युनिफॉर्म असतोच की नोकरीत. त्यावर रेवाने एकच विचारलं, किअरनलाही घालायच्यात का टाचा? शोभनाने तो प्रश्न ऐकला नाही असं दाखवलं, कारण तेवढ्यात दुकानातली मुलगी पट्टी घेऊन आली होती. बरोबर दोन इंचांचे बूट एकतर आजीबाईंसाठी असतात किंवा नवरीसाठी, असं तिचं म्हणणं पडलं. मधल्या वयाच्या बाईला सव्वादोन. शोभनाने सव्वादोन घेतले. नियमापेक्षा पाव इंच जास्तच, कुणी कमी पडली म्हणायला नको.

घरी आल्यावर नवऱ्याने, म्हणजे प्रतापने, तो प्रकल्प ताब्यात घेतला. प्रताप एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि घरातली कुठलीही गोष्ट टप्प्याटप्प्यांत विभागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर निळ्या चिकटपट्टीने एक सरळ रेघ मारली, गुरुत्वमध्याबद्दल पाच मिनिटं बोलला आणि शोभनाला रेघेवरून चालायला सांगितलं. शोभना चौथ्या पावलाला डिशवॉशरला भेटली. आठव्या पावलाला प्रेसचं दार हातात आलं. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि त्या प्रेसमध्ये वरणासाठी आणलेली तूरडाळ होती. ती पुढचे दोन दिवस घरात सगळीकडे सापडत होती.

गावातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोभनाने भाबडेपणाने एक प्रश्न टाकला. दोन तासांत एकतीस उत्तरं आली. बुटाच्या टोकाला कापूस भरा. आधी पायांना खोबरेल तेल लावा. एनिस गावी कुणाचीतरी भावजय फिजिओथेरपिस्ट आहे, तिने कळवलं की आधी पोटऱ्या मजबूत करा, साधारण सहा महिने. गुरुनाथ नावाच्या एका गृहस्थाने मोठा परिच्छेद लिहून समजावलं की आपण परक्या देशात आलोय, इथल्या कामाच्या ठिकाणी जे नियम असतील ते आदराने पाळावेत, पेहरावातून माणसाची किंमत कळते. गुरुनाथ पाच वर्षं घरून काम करतो, आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भागात तो काय घालतो हे त्याच्या बायकोने भोंडल्याच्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे.

खरी मदत झाली ती शेजारच्या ब्रीडाची. ब्रीडा त्र्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी, आणि भिंतीपलीकडच्या आवाजांवरून शेजाऱ्यांचा दिनक्रम बिनचूक सांगणारी. डाळ सांडल्याचा आवाज तिला नवा वाटला म्हणून ती चौकशीला आली. बूट पाहून तिने चहा मागितला आणि शिकवणी सुरू केली. आधी टाच, मग चवडा. खाली पाहायचं नाही. दूर पाहायचं, बिशप चर्चमध्ये शिरताना पाहतो तसं. गुडघे घट्ट धरायचे नाहीत. चार दिवसांत शोभना घरापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत एकदाही कुंपणाला न धरता जाऊन आली, आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी ब्रीडा परत जाताना दारात थांबली. एकोणीसशे बहात्तरमध्ये ती एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. थंडी फार होती म्हणून एकदा पँट घालून गेली. साहेबांनी दारातूनच परत पाठवलं. ती सायकलवरून पाच मैल घरी गेली, स्कर्ट घातला आणि पाच मैल परत आली. एवढंच झालं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, “मला राग परत पाठवल्याचा नाही गं. मी परत गेले आणि त्याला ‘सॉरी’ म्हणाले, त्याचा आहे.”

शोभनाने ब्रीडाला डब्यात चार पुरणपोळ्या दिल्या.

सोमवारी शोभना मोकळ्या पण आवरलेल्या केसांनी, लिपस्टिक लावून, सव्वादोन इंच उंच होऊन कामावर गेली. किअरनने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपरावर भोक पडलेल्या हिरव्या स्वेटरकडे पाहिलं, आणि उगाचच स्टेपलर शोधायला लागला. फर्गल जाता जाता म्हणाला की आता कसं रिसेप्शन वाटतंय, फक्त जरा जास्त हसलं तर फारच ग्रँड. शोभना हसली. नंतर बराच वेळ तिला ते हसणं चेहऱ्यावर वाळलेल्या साबणासारखं वाटत राहिलं.

पण खरी अडचण हसण्याची नव्हती, पिवळ्या रेघेची होती.

रिसेप्शनच्या मागच्या दाराबाहेर जमिनीवर एक पिवळी रेघ होती. तिच्यापलीकडे यंत्रं. रेघ ओलांडायची तर पायात लोखंडी टोकाचे सपाट बूट हवेत, मग तुम्ही मालक असा वा टपालवाले. शोभनाला टपाल, नमुने आणि पाहुणे घेऊन दिवसातून चौदा-पंधरा वेळा ती रेघ ओलांडावी लागे. आजवर ती सुरक्षेचेच काळे बूट दिवसभर घालायची, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. आता अलीकडे टाच सक्तीची आणि पलीकडे बंदीची. शोभना नियम पाळणारी बाई. तिने दोन्ही पाळले. रेघेशी बाक ठेवला, त्यावर बसून टाचा काढायच्या, नाड्यांचे बूट घालायचे, जाऊन यायचं, पुन्हा बसायचं, नाड्या सोडायच्या. तोवर इकडे फोन वाजतोय, कुरिअरवाला सहीसाठी ताटकळतोय, आणि किअरन एका हाताने फोन घेत दुसऱ्या हाताने पाहुण्यांचे बिल्ले वाटतोय. पहिल्याच दिवशी तिने एकोणतीस वेळा बूट बदलले. एवढे कपडे भरतनाट्यमवाल्या मुलीही स्नेहसंमेलनात बदलत नाहीत.

शिवाय अडखळणं होतंच. मुख्य दारात लोखंडी जाळीचं पायपुसणं होतं, त्याच्या भोकांत टाच बरोबर बसायची, जणू मापानेच केली होती. अडखळल्यावर काय करायचं असतं, हे विचारायला शोभना डोनलकडे गेली. डोनल हा कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. उंच, गंभीर, कँटीनमध्येही चमकणारं पिवळं जाकीट न काढणारा. त्याने सांगितलं की माणूस अडखळला पण त्याला लागलं नाही, तर तो ‘थोडक्यात टळलेला अपघात’ होतो आणि त्याचा फॉर्म भरावा लागतो. कुणी भरत नाही, ही गोष्ट वेगळी.

शोभनाने पहिल्या दिवशी सात भरले. प्रत्येकात वेळ, जागा आणि कारण. कारणाच्या रकान्यात सातही वेळा ‘टाच’. डोनलने ते सातही कागद दोनदा वाचले. अकरा वर्षांत त्याच्याकडे कुणी स्वतःहून फॉर्म घेऊन आलं नव्हतं. त्याने आपल्याला बसायला खुर्ची दिली, असं शोभनाने घरी सांगितलं. नियमाप्रमाणे त्याने ते सगळे स्कॅन करून ईमेलने मॅनेजरकडे, म्हणजे फर्गलकडे, पाठवले.

दरम्यान शोभनाने सरळ मार्गही धरून पाहिला. टाचांतून सूट मागायचा एक अर्ज होता. अर्जाला डॉक्टरचं पत्र हवं. डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय उलटेपालटे करून पाहिले आणि उत्तम आहेत असं सांगितलं. टाचा कुणाच्याच पायांना चांगल्या नाहीत, तसं लिहून देते, म्हणाल्या. पण फर्गलच्या ऑफिसने ते पत्र परत केलं. दोष अर्जदाराच्या पायात असायला हवा. बुटात असलेला दोष त्या रकान्यात बसत नव्हता. आपले पाय निरोगी असल्याची शोभनाला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली. ती फर्गलला प्रत्यक्ष भेटली तेव्हा तो फार गोड बोलला. म्हणाला, सक्ती अशी नाही. पण हल्ली पुष्कळ कंपन्या रिसेप्शनवर माणूस ठेवतच नाहीत, एक पडदा लावतात आणि पडद्यात डब्लिनहून कुणीतरी बोलतं. पाहणी झाल्यावर त्याचाही विचार आहे.

शोभना खुर्चीत येऊन बसली. नऊ वर्षं ती त्या दारातून येणाऱ्या प्रत्येकाला नावाने ओळखत होती. पडद्याला ते जमलं नसतं, पण पडद्याला पायही नसतात.

आता त्या फळ्याबद्दल सांगायला हवं. कँटीनच्या भिंतीवर एक मोठा फळा होता, त्यावर अपघाताशिवाय गेलेल्या दिवसांचा आकडा. कुणालाही खरोखर लागलं की आकडा शून्य. पाचशे दिवस पुरे झाले की दोनशे दहा कामगारांना लॉख री तळ्यावर बोटीची सहल, जेवण आणि बँड. शोभनाने टाचा घातल्या त्या सोमवारी आकडा चारशे ऐंशी होता. पॅकिंगच्या बायकांनी कपडे ठरवले होते. फोर्कलिफ्टवाल्या मार्टिनने बँडला गाण्यांची यादी पाठवली होती. पाहणीचा गुरुवार उजाडला तेव्हा फळ्यावर चारशे सत्त्याण्णव होते.

पाहुणे बरोबर दहाला आले. तिघं होते, आणि त्यांची प्रमुख आंके नावाची सहा फूट उंच बाई. शोभना बिशपसारखी दूर पाहत दारापर्यंत गेली. फर्गल नवा टाय लावून बाजूला उभा. शोभनाने स्वागताचा भाव चेहऱ्यावर आणला, हात पुढे केला, आणि डावी टाच जाळीत गेली.

माणूस पडताना जवळचं जे असेल ते धरतो. शोभनाच्या जवळ फर्गलचा टाय होता. फर्गलच्या जवळ काचेचं शोकेस नव्हतं हे नशीब. नमुन्यांचा मनोरा होता, तीनशे ट्रेंचा, त्याने स्वतः आदल्या संध्याकाळी रचलेला. शोभना, फर्गल, तीनशे ट्रे आणि कुंडीतलं रबराचं झाड या क्रमाने सगळं खाली आलं. ट्रे हलके असतात, त्यामुळे ते बराच वेळ पडत राहिले. शेवटचा घरंगळत आंकेच्या पायाशी जाऊन थांबला, आणि जमिनीवरून शोभनाला दिसलं की आंकेच्या पायात पांढरे कापडी बूट आहेत, सपाट.

घोटा सुजला. कँटीनमधून गोठलेल्या मटारची पिशवी आली, ती किअरनने स्वतः धरून ठेवली. पाहुण्यांना चहाला नेलं गेलं. डोनल पेटी आणि फॉर्म घेऊन गुडघ्यावर बसला. तेवढ्यात फर्गल वाकला. टाय अजून तिरका होता. हळू आवाजात त्याने शोभनाला समजावलं की हे सगळं कामाच्या जागी घडलं असं म्हणायची काही गरज नाही. ती गाडीतून उतरताना बाहेर रस्त्यावर पडली असं लिहिलं तर फळा तसाच राहील, दोनशे दहा लोकांची सहल वाचेल, आणि त्या पडद्याचा विचारही सोडून देता येईल. दारात पॅकिंगच्या पाच-सहा बायका येऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे शोभनाच्या घोट्याकडे नव्हते, डोनलच्या पेनाकडे होते.

शोभनाला मोह झाला हे लपवण्यात अर्थ नाही. मार्टिनची गाण्यांची यादी तिने स्वतः टाइप करून दिली होती. तीनच दिवस राहिले होते, आणि खोटं तरी केवढंसं, दारापासून रस्ता वीस पावलं. पण ते वीस पावलांचं वाक्य तोंडात आणताना तिला जाणवलं की त्याच्या शेवटी आपल्याला कुणालातरी ‘सॉरी’ म्हणावं लागणार आहे.

“मी इथेच पडले,” ती डोनलला म्हणाली. “या दारात. टाचेमुळे. तसंच लिही.”

डोनलने तसंच लिहिलं. दुपारी फळ्यावर शून्य आलं.

त्यानंतरचा दिवस शोभनाने आयुष्यात काढलेल्या लांब दिवसांपैकी एक. शुक्रवारी ती प्रतापच्या आधाराने, एका पायात पट्टी आणि दुसऱ्यात सपाट बूट घालून आली. मार्टिनने तिच्याकडे न पाहता नमस्कारासारखी मान हलवली. कँटीनमध्ये ती शिरली तेव्हा बोलणं थांबलं, आणि जे पुन्हा सुरू झालं ते हळू आवाजात. प्रताप सकाळी म्हणाला होता, अगं, कशाला जातेस, रजा टाक. पण नियमाप्रमाणे अपघातानंतर दोन दिवसांत चौकशीची बैठक व्हायला हवी होती, आणि पडलेल्या माणसाने तिला हजर राहायला हवं. शोभना नियम पाळणारी बाई, हे मागे सांगितलंच आहे.

बैठक कँटीनमध्येच होती, सगळ्यांना खुली. चाळीसेक माणसं आली. पाहणीसाठी अजून थांबलेली आंके कोपऱ्यात येऊन बसली, आपल्याला ऐकायला आवडेल म्हणाली. फर्गलने ही किरकोळ बाब आहे असं दोनदा सांगून पाहिलं.

डोनलने भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर एकाखाली एक पाच रिकामे रकाने. कारखान्यातल्या चौकशीची ही पद्धत फार साधी असते: काय झालं ते लिहायचं आणि ‘का’ विचारायचं. जे उत्तर येईल त्याला पुन्हा ‘का’. असं पाच वेळा. पाचव्या रकान्यात खरं कारण सापडतं, अशी डोनलची श्रद्धा होती, आणि श्रद्धेने बोलावं तसंच तो बोलत होता.

शोभना का पडली? टाच जाळीत अडकली म्हणून. हा पहिला रकाना. कुणीतरी म्हणालं जाळी बदला, आणि फर्गलने लगेच मान डोलावली, बदलू. पण डोनल पुढे गेला. टाच जाळीत का आली? कारण शोभनाने टाचेचे बूट घातले होते. टाचेचे बूट का घातले होते? कारण ऑफिसच्या निकषांत तसं लिहिलं होतं. कँटीनमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. पॅकिंगमधल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं; शोभनाला नवी हौस आली आहे असं ते धरून चालले होते. निकषांत तसं का लिहिलं होतं? डोनलने पेन उचलून फर्गलकडे पाहिलं.

फर्गल म्हणाला की पाहुण्यांची तशी अपेक्षा असते. कुठल्या पाहुण्यांची, डोनलने विचारलं, कारण रकान्यात नेमकं लिहावं लागतं. आता आलेल्या, फर्गल म्हणाला. आंकेने आधी फर्गलकडे पाहिलं, मग आपल्या कापडी बुटांकडे. तिच्यामागोमाग चाळीस माणसांनीही तिच्या बुटांकडे पाहिलं.

चौथा रकाना भरला. ‘पाहुण्यांची अपेक्षा, जी पाहुण्यांना माहीत नव्हती.’ राहिला पाचवा. अशी अपेक्षा असेल असं का वाटलं? फर्गल म्हणाला, हे स्पष्टच आहे. डोनल म्हणाला, स्पष्ट असेल तर लिहायला सोपं जाईल. फर्गल म्हणाला, सगळीकडे असंच असतं. डोनलने विचारलं, किअरनला का नाही? किअरन शेवटच्या बाकावरून उठून उभा राहिला, कोपरावरच्या भोकासकट, आणि म्हणाला की मीही त्याच दारात दिवसभर असतो, मला एक ओळ आली. रिकामा रकाना रिकामाच होता, आणि डोनल सांगत होता की तो भरल्याशिवाय त्याला चौकशी बंद करता येत नाही.

शेवटी फर्गल वैतागून म्हणाला, “बाई दारात असली की ती बघायला बरी वाटायला हवी, म्हणून.”

डोनलने ते एकेक अक्षर करत लिहिलं.

पॅकिंगमधली ब्राझीलची लुसिया, जिने बोटीसाठी पिवळा ड्रेस ठरवला होता, तिने मागून विचारलं, “बघायला कुणाला?”

त्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. मग डोनलने जाकिटाच्या आतून एक जाड पाकीट काढलं. थोडक्यात टळलेल्या अपघातांचे अडतीस फॉर्म, सगळे शोभनाचे. एकाच कारणाचे तीन आले की ते कारण ताबडतोब थांबवायचं, हा कारखान्याचा नियम. अडतीसही फर्गलला पाठवलेले होते. एकही उघडलेला नव्हता. हे डोनलने आपल्या ईमेलच्या यादीतून तारखांसकट वाचून दाखवलं.

इतके दिवस शोभनाला वाटत होतं की आपण अडतीस वेळा फक्त अडखळलो. ते कागद आता टेबलावर एकावर एक बसले होते, आणि त्यांची उंची सहज पाव इंच भरली असती. ती उठली. उभं राहायला टेबल धरावं लागलं, तरी उठली. म्हणाली की मला लिपस्टिकचा राग नाही, टाचांचाही नाही. मी त्या हौसेने विकत घेतल्या आणि माझ्या मैत्रिणीने मला चालायला शिकवलं. पण माझी हौस मी ठरवीन, ती ईमेलने येऊ नये. एवढंच बोलायचं होतं, पण मार्टिनकडे लक्ष गेलं म्हणून तिने जोडलं, की सहल गेली त्याचं मला फार वाईट वाटतंय.

मार्टिन उभा राहिला. तो म्हणाला की सहल शोभनामुळे गेली नाही, सहल चार पानांमुळे गेली. मग तो खाली बसला, कारण त्याला बोलायची सवय नव्हती.

पुढच्या सोमवारी दुसरी ईमेल आली. ती आंकेने पाठवली होती आणि एका ओळीत संपत होती: कपडे नीटनेटके असावेत, सर्वांचे. फर्गल राहिला, पण सुरक्षेच्या एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला त्याला पाठवलं गेलं, आणि फॉर्म कसे उघडावेत हे त्याला तिथे डोनलनेच शिकवलं. पडद्याचा विषय पुन्हा निघाला नाही. बोटीची सहल मात्र गेलीच. आकडा पुन्हा एकपासून. त्या शुक्रवारी बैठक संपताच फळ्यावर ‘१’ लिहायला लुसियाने शोभनालाच पुढे केलं, आणि लंगडत जाऊन तिने तो लिहिला तेव्हा कँटीनमध्ये बराच कल्लोळ झाला.

ईमेल आली त्या सोमवारीच दुपारी स्लायगोहून फोन आला. तिथे याच मालकांचा दुसरा कारखाना आहे, त्याचा मॅनेजर निराळा. पलीकडून एक तरुण आवाज आधी इंग्रजीत दबकत बोलला आणि मग एकदम मराठीत उतरला. मुलीचं नाव रुचा. शिक्षण संपवून आठ महिन्यांपूर्वी तिथल्या रिसेप्शनवर लागली होती. आज कुर्ता घालून गेली म्हणून तिला घरी जाऊन बदलून यायला सांगितलं होतं. ती अजून बाथरूममध्येच उभी होती. ॲथलोनला काहीतरी घडलं असं तिने ऐकलं होतं.

शोभनाने पट्टी बांधलेला पाय शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवला, किअरनला फोन सांभाळायची खूण केली आणि पेन उघडलं. तुमच्याकडे डोनलसारखं कोण आहे, फॉर्म कुठल्या कपाटात असतात, मॅनेजर ईमेल उघडतो की नाही, असं तिने एका दमात विचारलं. तिचा आवाज इतका चढला होता की सहीला आलेला कुरिअरवालाही तिथेच टेकून ऐकू लागला.

“पण शोभनाताई,” रुचा चाचरत म्हणाली, “मी पडले वगैरे काही नाही हो.”

“पडायची काही गरज नाही,” शोभना म्हणाली. “अडखळलीस ना? तेवढं पुरतं. लिहून घे.”